निर्लेखनाच्या यादीतला सायकस

मी पनवेलच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मुख्य लिपिक होते, तिथे प्रत्येक वस्तूला नंबर होता. बाकाला, पंख्याला, पाण्याच्या पिंपाला, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्यालासुद्धा. सांगाड्याचा मांडीच्या हाडावर होता, पांढऱ्या ऑइलपेंटने घातलेला. हे सगळे नंबर जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत असत आणि नोंदवही माझ्या कपाटात असे. वर्षातून एकदा ती घेऊन मी इमारतभर फिरायची आणि मोडक्या वस्तूंची निर्लेखनाची यादी करायची. निर्लेखन म्हणजे अमुक वस्तू आता संस्थेच्या लेखी नाही असं ठरवणं. ती वस्तू त्यानंतरही जिन्याखाली पडलेली असतेच, पण तिच्या असण्याची जबाबदारी कोणावर राहत नाही. मला हे काम आवडायचं. एका दिवसात शंभरेक गोष्टींचा निकाल लागतो, असं दुसरं काम सरकारी नियमांत फारसं नाही.

दोन हजार सालानंतरची पहिली आठ-दहा वर्षं होती. खारघर, कामोठ्याची सेक्टरं भरत होती आणि तिथली मुलं रिक्षा सोडून दुचाकीवर येऊ लागली होती. दुचाक्या गटाराच्या कडेने लागत लागत एक दिवस प्राचार्यांच्या गाडीपर्यंत आल्या. त्या दिवशी दुपारीच प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, प्रयोगशाळेमागची जागा स्टँडला घेऊ या. बागेची यादी करा. काय ठेवायचं, काय काढायचं. जे शिकवायला लागतं ते ठेवू. निर्लेखन समितीची बैठक पावसाळ्यात आहे, पण यादी आधीच पाठवून ठेवू."

बाग वनस्पतिशास्त्राच्या सरांची होती. म्हणजे जागा संस्थेची, पाणी नगरपालिकेचं, खत शिपाईमावशींच्या घरच्या गोठ्यातलं आणि अकरा वर्षांची मेहनत सरांची. सर मूळचे पनवेलचेच, कोकणी मुसलमान घरातले. दोन भाऊ कुवेतला होते, हे मात्र झाडांमध्ये राहिले आणि दिवाळीच्या सुमारास निवृत्त होणार होते. नेमके त्या आठवड्यात ते बोर्डाच्या कामाला गेले होते. त्यांची वाट पाहावी असं मला वाटलं नाही. बाकांची यादी करताना बाकावर बसणाऱ्याची वाट कोणी पाहत नाही.

मी नेहमीचाच छापील तक्ता घेतला. त्यात 'चालू', 'नादुरुस्त', 'उपयोग' असे तीन रकाने आणि शेवटी 'शेरा' होता. पहिल्या दोनांवर चिकटपट्ट्या लावून 'फूल' आणि 'फळ' लिहिलं. शेवटचा 'शेरा' तसाच राहू दिला. तिन्ही रकाने रिकामे राहिले तर शेऱ्यात निर्लेखन, हा नियमही तसाच. माझ्यामागून मावशी ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन येत होत्या. त्या जवळच्या विचुंबे गावच्या. बागेला पाणी घालणं त्यांच्याकडे होतं, त्यामुळे झाडांची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होती.

"हे?"

"आंबा. फूल हाय, फळ हाय. खाली सावली हाय, आमी डबा खातो."

'उपयोग : डबा' असं मी लिहिलं नाही, पण खूण केली.

जास्वंद, केळ, तुळस, पेरू ही सगळी भराभर झाली. भिंतीकडच्या ओळीत मात्र माझा वेग कमी झाला. तिथे नेचे होते. ना फूल, ना फळ. मोरपंखी होती, ख्रिसमसला सजवतात ते झाड एका मोठ्या कुंडीत होतं. तिन्ही रकाने रिकामे. पुढे दोन पाम शेजारी शेजारी होते, एक उंच, ओळीच्या जरा बाहेर फाटकाकडे, आणि एक ओळीतच, बुटका, अननसासारख्या खोडाचा.

"हा खजूर," मावशी म्हणाल्या. "सरांच्या भावानं कुवेतवरनं खजूर आनला व्हता, त्याची बी."

"फळ?"

"अजून नाय. पन खजूर हाय म्हनजे येनारच ना."

मी फळाच्या रकान्यात 'अपेक्षित' लिहिलं. "आणि हा बुटका?"

"हा दुसरा पाम. ह्याला फूल कदीच येनार नाय. सरच बोल्ले."

खुद्द सरांचीच साक्ष मिळाल्यावर प्रश्न नव्हता. पाम : २ नग, पैकी १ निर्लेखन. मावशींनी त्याच्या खोडावर नंबर घातला आणि काढायच्या बाकांवर घालतो तशी त्याच्यापुढे फुली मारली. अख्ख्या ओळीवर फुल्या पडल्या. सव्वाचार वाजले होते. यादी टंकून, सही होऊन, जावक नंबर पडून साडेपाचच्या आत गेलीसुद्धा.

सर सोमवारी आले. आधी बागेत गेले असावेत, कारण कार्यालयात आले तेव्हा त्यांच्या अंगठ्याला पांढरा रंग लागला होता. पुसायचा प्रयत्न केला असणार. संस्थेचा ऑइलपेंट पुसला जात नाही.

"मॅडम, फुली कोणी मारली?"

"नियमानुसार आहे, सर. फूल नाही, फळ नाही, उपयोग नाही."

सर समोरच्या खुर्चीवर बसले. रागावलेला माणूस उभा राहतो, असा माझा अनुभव. हे बसले म्हणजे प्रकरण लांबणार, हे मी ओळखलं.

"तो पाम नाही. सायकस आहे. खजूर आणि तो शेजारी आहेत, नातेवाईक नाहीत. आमच्या मोहल्ल्यात जसं दोन घरांत एकच आडनाव असतं आणि लग्नाचं आमंत्रणही जात नाही, तसं. खजुराचं नातं जवळचं म्हणायचं तर तुमच्या केळीशी. गवताशीसुद्धा."

"दिसतात सारखे."

"दिसण्यावर जाऊ नका. तुम्ही बागेत कुठून शिरलात?"

"फाटकातून."

"भिंतीकडून शिरायचं. ती बाग ओळीने लावलीय. भिंतीला नेचे, त्यांना बी माहीतच नाही. मग सायकस, मोरपंखी, ख्रिसमसचं झाड. यांनी बी काढलं, पण ते उघडं ठेवलं. मग फाटकाकडे तुमचे फुला-फळांचे. सगळ्यांत उशिरा आलेले आणि सगळी जागा घेतलेले. मी मुलांना भिंतीपासून फाटकापर्यंत चालवत नेतो, एका तासात तो सगळा काळ पार होतो. तुम्ही बरोबर अर्धा इतिहास निर्लेखित केलात. डायनोसॉर यायच्या आधीपासून ही मंडळी आहेत, मॅडम. डायनोसॉरला जमलं नाही ते तुमच्या यादीने केलं."

मला हे कौतुक वाटलं नाही, पण वेगाबद्दल थोडं बरं वाटलं, हे खरं.

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, "सर, जावक नंबर पडलाय, यादी बदलता येत नाही. पण शुद्धिपत्रक काढता येतं. फुलाच्या रकान्यात 'आहे' लिहू. कोण तपासणार आहे?"

"सायकसला फूल?" सर एवढे दचकले की मावशी चहा घेऊन दारातच थांबल्या. "असं लिहिणाऱ्या मुलाला मी शून्य देतो. निवृत्त होताना स्वतःच्या सहीनं तेच लिहू?"

"झाड वाचेल."

"आणि मी नापास होईन."

ज्याला झाड वाचवायचं होतं त्यालाच खोटं नको होतं आणि जिला झाडाचं काही नव्हतं ती खोटं लिहायला तयार होती. अशा वेळी काम अडतं. मी म्हटलं, "मग फूलही नाही, फळही नाही, तर आहे काय ते सांगा. 'शिकवायला लागतं' असं प्रत्येक विभाग लिहितो, समिती ते मानत नाही. मला रकाना लागतो."

"बी," सर म्हणाले. "माझा भाऊ पहिल्यांदा कुवेतला निघाला तेव्हा अम्मीने बॅग भरली. पापड, सुकट, लोणचं, दोन महिन्यांचं सामान, वर चादर गुंडाळली, वर दोरी बांधली. म्हणाली, नोकरी मिळेपर्यंत उघडू नकोस. बी म्हणजे तेवढंच. नेच्याला ते जमलं नाही. त्याला पाणी असेल तिथेच संसार करावा लागतो. बी बॅग घेऊन कुठेही जातं, हवापाणी जमेपर्यंत गप्प पडून राहतं."

"मग फूल कशाला?"

"फूल म्हणजे हायवेवरचे ते फ्लॅटचे बोर्ड. रंगीत चित्र, आत मध फुकट. गिऱ्हाईक आलं पाहिजे. आणि एकदा आलं की बी बंद दाराआड, वर फळाचं वेष्टन. त्या जाहिरातीच्या जोरावर त्यांनी सगळी जमीन घेतली."

पनवेलमध्ये राहून हे न समजायला मी काही मुंबईची नव्हते. मी नवा तक्ता आखला. फूल आणि फळ दोन्ही खोडून एकच रकाना केला : 'बी'. त्यात तीनच नोंदी. नाही, उघडे, झाकलेले. सरांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, इतका सोपा तक्ता पाठ्यपुस्तकातही नाही." मग लगेच, "पण पुरावा लागेल. माझ्या सायकसने अकरा वर्षांत एकदाही बी धरलेलं नाही. त्यात नर वेगळा, मादी वेगळी, आणि हा कोण आहे हेही अजून माहीत नाही." समितीने बघायला मागितलं तर दाखवायला काही नव्हतं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. अकरा वर्षं ते ज्याची वाट पाहत होते, ते आता पावसाळ्यातल्या बैठकीआधी व्हायला हवं होतं.

त्यानंतर तीन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी मावशी माझ्या टेबलाशी आल्या.

"मॅडम, त्या पामाला कायतरी रोग झालाय. मदून भुरं भुरं केसाळ निंगालंय, मांजराच्या शेपटीगत. मी राख मारली."

सरांना सांगितलं तर ते बारावीचा सुट्टीतला जादा वर्ग अर्धा टाकून धावले. मागोमाग मी. सायकसच्या मधोमध, नवीन पानं येतात तिथे, लोकरीसारखी तपकिरी पिसं दाटीने वर आली होती आणि त्यांच्यावर मावशींची राख होती. सर गुडघ्यांवर बसले, फुंकर मारून राख उडवली, एक पीस बोटाने हळूच बाजूला केलं. त्याच्या कडेला हरभऱ्याएवढे गोल दाणे होते, उघडेच, कशाच्याही आत नसलेले.

"मुलगी आहे," सर म्हणाले.

"अकरा वर्सांनी कललं?" मावशींनी विचारलं. मग वाकून पाहिलं. "आनि ही बी? अशी उगडी? लाज नाय वाटत?"

"हिच्या वेळी लाजेचा शोध लागला नव्हता, मावशी."

सर हसत होते, पण उठले तेव्हा काळजीत होते. दाणे दिसले तरी ते नराच्या परागाशिवाय पोकळ राहणार होते. नर कुठून आणायचा? सरांच्या माहितीत पनवेलमध्ये शंकू, म्हणजे परागाचं कणीस, धरलेला नर नव्हता. मावशी राखेचे हात झाडत म्हणाल्या, "आमच्या गावाला जाताना त्या बिल्डरचं ऑफिस लागतं ना, त्याच्या दारात हाच पाम हाय. त्याच्या मदी मक्याच्या कणसागत काडलंय, येवडं मोटं." त्यांनी कोपरापर्यंत हात दाखवला. "वास बी मारतो."

सरांनी मावशींकडे असं पाहिलं की मावशी संकोचल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघे रिक्षाने गेलो. बरोबर एक खाकी पाकीट, कार्यालयाचंच, एक कोरा ब्रश आणि माझी वही. ऑफिस म्हणजे अर्धवट उभ्या इमारतींपुढची काचेची खोली. दाराच्या दोन्ही बाजूंना सायकस होते, एकाच्या मधोमध खरोखरच भलंमोठं पिवळट कणीस. ऑफिसमधली मुलगी हसत बाहेर आली.

"या ना काका, या ना काकू. वन बीएचके बघायचाय की टू?"

सर लाल झाले. मी म्हटलं, "टू. पण माझे काही प्रश्न आहेत." माझ्याकडे प्रश्न नेहमीच असतात. मी तिला आत नेलं आणि वही उघडली. पाणी किती वेळ येतं, टाकी किती मोठी, लिफ्टला जनरेटर आहे का, गच्ची कोणाच्या मालकीची, पावसाचं पाणी कुठे जातं. काचेतून मला सर दिसत होते. ते कणसासमोर वाकून एका हातात पाकीट धरून दुसऱ्या हाताने त्याला टिचक्या मारत होते. पिवळी धूळ उडत होती.

"काकांना झाडांची खूप आवड आहे वाटतं," मुलगी म्हणाली.

"त्यांचं नात्याचं काम आहे," मी म्हटलं. पुढे अकरावा प्रश्न विचारला, इथल्या दुचाक्या कुठे लावायच्या, कारण त्याचं उत्तर मला खरंच हवं होतं. तिने रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवलं.

परत येताना सरांनी पाकीट मांडीवर धरलं होतं. म्हणाले, "पूर्वी हे काम वारा आणि किडे करायचे. आता रिक्षा. पण यातली गंमत सांगू? बीपर्यंत पोहोचल्यावर पराग फुटतो आणि आतला नर शेवटचं अंतर पोहत जातो. थेंबभर पाण्यात. बी काढलं, पाण्यापासून सुटका झाली, तरी जुनी सवय गेली नाही." मी पाकिटावर तारीख टाकली आणि 'आवक' लिहिलं. त्या दुपारी त्यांनी ब्रशने ते पराग एकेका दाण्यावर झटकले. मावशी छत्री धरून उभ्या होत्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

पावसाळ्यात समिती आली तोवर दाणे सुपारीएवढे झाले होते आणि नारिंगी दिसू लागले होते. समितीत तिघे होते. अध्यक्षांनी बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून पायरीवरूनच बाग पाहिली आणि शुद्धिपत्रक मागितलं.

"हे 'बी : उघडे' म्हणजे काय?"

मी सायकसकडे बोट दाखवलं. सर सांगणार होते, पण अध्यक्षांनी हात वर करून थांबवलं.

"दिसतंय. म्हणजे ही ओळ दुर्मीळ. बरोबर? आणि ही बाकीची, 'झाकलेले', ती सगळीकडे मिळतात?"

प्रश्न मला होता, आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. मला उत्तर तयार असलं की ते थांबवता येत नाही.

"मिळतात, सर. सगळीकडे."

"मग भिंतीकडची ओळ ठेवा, बाकीची काढा. स्टँडला तेवढी जागा पुरे."

दोन मिनिटांत झालं. नेच्यांच्या रकान्यात 'बी : नाही' होतं, पण ते भिंतीला इतके चिकटून होते की तिथे गाडी लागणार नव्हती, म्हणून तेही राहिले. दोन दिवसांनी आंबा गेला, पेरू गेला, जास्वंद गेली. खजूरही गेला. फळाच्या रकान्यात मी त्याच्यासाठी 'अपेक्षित' लिहिलं होतं, पण तो रकाना आता तक्त्यात नव्हता. खजुराचं खोड ट्रॅक्टरवर चढवताना सर तिथेच होते. मी कार्यालयात जाऊन बसले. माझ्या पहिल्या यादीने जुनी झाडं मारली असती, दुसरीने नवी मारली. दोन्ही याद्यांमध्ये एकही चूक नव्हती, हे मी दोनदा तपासून पाहिलं.

पेव्हर ब्लॉक बसले, दुचाक्या लागल्या. पाऊस संपता संपता ब्लॉकांच्या फटींतून हिरवं दिसू लागलं. हरळी, एकदांडी, कुठेतरी एक इवलंसं पेरूचं रोप. मावशी दर शनिवारी उपटायच्या, सोमवारी ते परत यायचं. निवृत्तीच्या आदल्या दिवशी सर माझ्याबरोबर तिथे उभे होते. एका स्कूटरच्या चाकाखाली एकदांडीचं पिवळं फूल आलं होतं.

"यांची काळजी करू नका, मॅडम," ते म्हणाले. "यांना यादी लागत नाही."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. आंबा मात्र फटीतून आला नाही, आणि मावशी डबा जिन्याखाली, निर्लेखित बाकांवर बसून खाऊ लागल्या.

जाताना सरांनी नऊ बिया नेल्या. मी नेऊ दिल्या. बिया जडवस्तूत मोडतात की नाही याबद्दल नियम नव्हता आणि मी तो विचारायला गेले नाही. पुढच्या वर्षभरात आठ कुजल्या. एक उगवली. सर ती कुंडी घेऊन कार्यालयात आले, त्यात एकच पान होतं, शिवणाच्या गुंडाळलेल्या टेपसारखं उलगडत असलेलं. तोवर विचुंब्याच्या वाटेवरचे फ्लॅट सगळे विकले गेले होते, काचेचं ऑफिस उचललं होतं आणि दारातला नर कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याची कोणी यादीही केली नव्हती.

"हे भिंतीकडच्या ओळीत लावायचंय," सर म्हणाले. "आईशेजारी."

मावशी ऑइलपेंटचा डबा घेऊन आल्याच होत्या. मी त्यांना थांबवलं. रोपाला अजून खोड नव्हतं. नोंदवही उघडली. सायकस, १ नग. बी, अजून नाही, पुढे उघडे. मग पेन थांबलं.

"नर की मादी?"

"दहा-बारा वर्षांनी विचारा."

मी हिशेब केला. तोवर मी निवृत्त झालेली असणार होते, मावशीही. सर सत्तरीत. 'शेरा' रकान्यात काही न लिहिता मी वही मिटली. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. आम्ही तिघं कुंडी घेऊन मागे गेलो, दुचाक्यांमधून वाट काढत, फाटकातून शिरून भिंतीपर्यंत.